माणिकबाईची साक्ष

"मावशे, सही करायची असन तं कर, नाई तं बाजूले व्हय. मागं लाइन लागली हाये," पाठीमागून कोणीतरी म्हणालं. माणिकबाई टेबलापुढून हलली नाही. पेन तिने हातात घेतलं होतं, पण कागदाला टेकवलं नव्हतं.

तुरीचा हंगाम ऐन भरात होता. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळमिली दिवसरात्र धडधडत होत्या. या मिलमध्ये मात्र त्या दुपारी यंत्रं बंद ठेवली होती, आणि पोत्यांच्या थप्प्यांमधल्या मोकळ्या जागेत टेबल मांडून नितेशभाऊ बसले होते. जुने मालक पंजाबराव वारल्यापासून मिल त्यांचा हा मुलगा पाहत होता. पुण्याला शिकून आलेला, बोलायला मऊ, प्रत्येक कामगाराला नावाने ओळखणारा.

"मावशी, पुन्हा सांगतो," ते म्हणाले. "नवा कायदा आला. आता भत्त्यातलाबी बराच हिस्सा पगारातच धरा लागते. म्हणजे फंडाची, इम्याची कपात वाढली. तुमच्या हाती कमी येतीन, माह्या खिशातून जास्त जातीन. दोघायचंबी नुकसान. त्यापेक्षा आजपासून तुमी कोनाचे नोकर नाई. आपले आपण ठेकेदार. जेवढं काम तेवढे पैसे, पुरेच्या पुरे हातात."

"आन् इम्याचं कार्ड?"

"ते बंद होईन. ज्याले पायजे त्यानं बाहेरून काढावा इमा. मी अडवून राहिलो का कोनाले?"

"कोनाचं काई बरंवाईट झालं तं?"

माणिकबाईच्या तोंडून तो प्रश्न ऐकणं तिथल्या जुन्या माणसांना जड गेलं. तिचा नवरा भगवंत याच मिलमध्ये गेला होता. तूर वर चढवणाऱ्या पट्ट्याच्या खड्ड्यात अडकलेलं पोतं काढायला तो उतरला, आणि वर कोणीतरी बटण दाबलं. त्या वेळी पंजाबराव स्वतः तिला गाडीत बसवून विमा कार्यालयात घेऊन गेले होते. भगवंतच्या पगारातून दर महिन्याला चिमूटभर पैसे कटायचे आणि तो दर महिन्याला न चुकता त्यावर शिव्या घालायचा. त्याच चिमूटभर कपातीतून त्याच्या माघारी बायकोला पेन्शन सुरू झाली. त्या पेन्शनीवर तिने लेकीचं लग्न केलं. धाकटा दीर कुंदन तेव्हा मिसरूडही न फुटलेला पोरगा होता, त्याला वाढवलं. तो हाताशी आला तेव्हा पंजाबरावांच्या पाया पडून त्याला याच मिलमध्ये लावलं. स्वतः ती डाळ निवडायला होतीच.

"वयनी, अभद्र कावून बोलून राहिली?" रांगेतून कुंदनचाच आवाज आला. "दे ना सही. सगळे देऊन राहिले."

माणिकबाईने मागे वळून पाहिलं. दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून कुंदन उभा होता, हसत. तुरीचं भरलेलं पोतं पाठीवर टाकून शिटी वाजवत चालणारा गडी. त्याला कशाचंच ओझं वाटत नसे.

तिने पेन टेबलावर ठेवलं.

"मी नाई करत सही."

"जशी तुमची मर्जी," नितेशभाऊ म्हणाले. "पन मग उद्यापासून मी तुमाले काम कोन्या हिशोबानं देऊ, तुमीच सांगा." ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की तिला भांडताही आलं नाही.

संध्याकाळी कुंदन तिच्या खोलीत आला. शिवणीच्या वस्तीत दोन खोल्या लागून होत्या. एकीत माणिकबाई, दुसरीत कुंदन, त्याची बायको रूपाली आणि त्यांची मुलगी आरती. त्याने उंबऱ्यावर बसकण मारली.

"तू उगाच तमाशा केला, वयनी."

"त्या कार्डानं तुले मोठं केलं रे बाबू."

"मले मालूम हाये. पन आता जमाना तो नाई राहिला. आरतीले इंग्लिश शाळेत टाकाचं हाये औंदा. हातात चार पैसे जास्त आले तं जमून जाईन. कपात वाढली असती तं ते होत का?" तो थोडा थांबला. मग म्हणाला, "तुहं बरं हाये. तुले पेन्शन हाये. तुले नाई म्हनता येते."

त्याने ते टोचायला म्हटलं नव्हतं. खरं होतं म्हणून म्हटलं होतं. माणिकबाई चुलीपुढे बसून राहिली. पोळी करपली तेव्हा तिला कळलं.

मिल सुटली तशी तिने जठारपेठेत दोन घरी स्वयंपाकाचं काम धरलं. सकाळी जायचं, दुपारी परतायचं. कुंदनच्या घरात मात्र खरंच बरकत दिसू लागली. रूपालीने नवा कुकर आणला. आरतीला घेऊन दोघं शाळा पाहून आले, आणि पोरगी गल्लीभर सांगत सुटली की तिच्या शाळेत टाय असतो. माणिकबाईला वाटू लागलं, आपलंच चुकलं की काय. एका माणसाचं मरण आपण जन्मभर डोळ्यांपुढे धरून बसलो, म्हणून सगळ्यांचंच तसं व्हायचं असं थोडंच आहे?

होळी झाली, उन्हं तापायला लागली. अशाच एका सकाळी जठारपेठेतल्या घरी कणीक मळत असताना तिचा फोन वाजला. पलीकडे रूपाली होती. ती बोलत नव्हती, नुसती ओरडत होती. माणिकबाई कणकेच्या हातांनीच रस्त्यावर आली आणि समोर आली ती रिक्षा थांबवून सरकारी दवाखान्यात पोचली.

डाळीला चकाकी देणारं यंत्र मध्येच अडकलं होतं. ते बंद करून साफ करायचं तर पाळीतलं काम मागे पडतं, आणि आता जेवढं काम तेवढेच पैसे. कुंदनने चालू यंत्रातच हात घातला. पट्ट्याने बाही धरली. डॉक्टरांना उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला.

नितेशभाऊ दवाखान्याच्या ओसरीत उभे होते. शर्टावर रक्ताचे डाग होते. कुंदनला त्यांनीच स्वतःच्या गाडीत घालून आणलं होतं. डोळे लाल झाले होते. बाहेरून आणावी लागलेली औषधं त्यांनीच आणली होती.

"मावशी, जे लागन ते मी करतो," ते म्हणाले. "माणुसकीच्या नात्यानं."

"माणुसकीनं नका करू, भाऊ," माणिकबाई म्हणाली. "तुमचा कामगार हाये म्हून करा."

नितेशभाऊंनी खाली पाहिलं. मग त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

कुंदन शुद्धीवर आला तेव्हा त्याने पहिल्यांदा बाजूला पाहिलं, जिथे हात असायला हवा होता तिथे. मग वर छताकडे. माणिकबाईच्या मनात होतं, तो रडेल, ओरडेल, आपण त्याला जवळ घेऊ. तो काहीच बोलला नाही. कित्येक दिवस बोलला नाही. घरी आणल्यावरही भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आरती त्याच्याजवळ जायला भ्यायची.

रूपालीला घेऊन माणिकबाई विमा कार्यालयात गेली. तिथल्या मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं, संगणकावर पाहिलं.

"यांचा शेवटचा हप्ता हिवाळ्यातला आहे," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मिलच्या कामगारांत यांचं नाव नाही. यांनी स्वतंत्र ठेकेदार म्हणून काम घेतल्याचं मिलने कळवलंय."

"कायचा ठेकेदार, मॅडम? त्याच मशीनवर, त्याच पाळीत, तेच काम करत व्हता. एक दिवस नाई गेला तं फोनवर फोन येत."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "मावशी, हेच महत्त्वाचं आहे. कागदावर काहीही लिहिलेलं असो, तो मालकाच्या हुकमाखाली काम करणारा कामगार होता हे सिद्ध झालं, तर हप्ता भरला नसला तरी विमा मिळतो. जन्मभराची पेन्शन मिळते. भरपाई मालकाकडून आम्ही वसूल करू, ते आमचं काम. पण तुम्हाला सिद्ध करावं लागेल. सोबत काम करणाऱ्यांनी येऊन तसं सांगायला हवं."

कार्यालयातून बाहेर पडताना कितीतरी दिवसांनी माणिकबाईच्या पायांत बळ आलं. तिने रूपालीचा दंड धरला. "होते बघ. भगवंतच्या येळी झालं तसंच होते."

मग ती दारोदार फिरली. मिलची पाळी सुटायच्या वेळी लोकांच्या घरी जाऊन बसायची. कोणी चहा दिला, कोणी नुसतं पाणी. बहुतेकांनी माना खाली घातल्या. "आमाले पोटं हायेत, बाई," एवढंच. फक्त खुशालराव उठून उभे राहिले. मिलमधले सर्वांत जुने हमाल, पाठीला बाक आलेले. भगवंतला खड्ड्यातून त्यांनीच बाहेर काढलं होतं.

"मी येतो," ते म्हणाले. "मालकानं काढलं तं काढलं. मी आता किती दिवसाचा पावना? तू तारीख सांगजो."

अर्ज दिला, सुनावणीची तारीख मे महिन्यातली निघाली. माणिकबाई सकाळीच कार्यालयात जाऊन बसली. कुंदन आणि रूपाली मागून रिक्षाने येणार होते, खुशालराव पाळी संपवून परस्पर. ओसरीतला कूलर नुसताच घरघरत होता, गरम हवा इकडून तिकडे करत होता. बाहेर रस्त्याकडे पाहवत नव्हतं इतकं ऊन. ती प्रत्येक रिक्षाच्या आवाजाला उठून दारापर्यंत जायची. खुशालरावांचा फोन बंद लागला. रूपालीचा वाजत राहिला, तिने उचलला नाही.

आतून नाव पुकारलं गेलं. साहेबांच्या टेबलापाशी मिलचे वकील आधीच बसले होते.

"अर्जदार कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"येऊन राहिला, साहेब. हात गेला त्याचा, तयारीले येळ लागते. तवरिक मी सांगतो ना! मले सगळं मालूम हाये. त्या मिलमधी माही जिंदगी गेली."

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकील तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने समोरचे कागदही उलटले नाहीत.

"मावशी, अपघात झाला त्या दिवशी तुम्ही मिलमध्ये होता?"

"नाई."

"त्याच्या आधीच्या महिन्यात?"

"नाई."

"ठेक्याचं काम सुरू झाल्यानंतर एक दिवस तरी तुम्ही तिथे काम केलं?"

"नाई केलं. मी त्या कागदावर सही नाई केली म्हून मले काढलं."

"म्हणजे ठेका सुरू झाल्यावर तिथे काम कसं चालायचं, वेळ कोण ठरवायचं, हुकूम कोण द्यायचं, हे तुम्ही पाहिलेलंच नाही."

माणिकबाईने तोंड उघडलं. तिला ओरडून सांगायचं होतं की पाहायला काय लागतं, मशीन तेच, मालक तोच, माणसंही तीच. पण प्रश्न तेवढाच होता आणि त्याचं उत्तर नाही हेच होतं. ज्यांनी सही केली त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि त्यांच्यापैकी कोणी इथे नव्हतं. तिने सही केली नव्हती, म्हणून ती इथे उभी होती, आणि म्हणूनच तिच्या उभं राहण्याला इथे काही किंमत नव्हती.

"पुढची तारीख देतो," साहेब शांतपणे म्हणाले. "अर्जदाराला घेऊन या. सोबत काम करणारं कोणीतरी आणा. तुमच्या एकटीच्या सांगण्यावर मला काही करता येणार नाही, बाई."

परतताना रिक्षा मिलसमोरून गेली. गेटशी ट्रक भरत होता. खुशालराव पाठीवर पोतं घेऊन फळीवर चढत होते. त्यांना ती दिसली. त्यांनी मान फिरवली आणि तोंड पोत्याआड केलं.

घराचं दार लोटलेलं होतं. कुंदन नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून पडला होता. रूपाली तांदूळ निवडत बसली होती, जणू त्या दिवशी कुठे जायचंच नव्हतं. माणिकबाईला पाहून ती उठली नाही.

"काल सकाळी नितेश शेठ आले व्हते," ती म्हणाली. "तुमी जठारपेठेत होत्या तवा. आमी लिहून देलं. आमची काई तक्रार नाई म्हून."

"कोनी लिहून देलं?"

"दोघायनंबी. यायनं डाव्या हाताचा अंगठा देला."

"अवो, पन जन्माची पेन्शन व्हती ते! चार दिवस दम धरला असता तं..."

"कितीक दिवस, बाई?" रूपालीने हातातलं सूप खाली ठेवलं. "शेठ म्हने, इथी हारलो तं वरच्या कोर्टात जाईन. तवरिक मी काय शिजवू? बाळापूरले माहेरी जाऊन पाह्यलं. दोन रोज भावजय बरी बोलली, तिसऱ्या रोजी भांडे आदळाले लागली. तुमी तुमच्या पेन्शनीतलं आमाले खाऊ घालून राहिल्या, ते का मले दिसत नाई? किती दिवस घालसान? शेठ मले निवडणीवर घेते. उद्यापासून. तुमच्याच जागेवर."

"कार्ड देते का तुले?"

रूपाली हसली. हात गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कोणी हसलं, आणि ते ऐकवलं नाही.

"कायचं कार्ड? मीबी ठेकेदारच, बाई." मग तिने डोळ्यांना पदर लावला. "खुशाल मामायलेबी शेठनं बोलावून घेतलं व्हतं. त्यायच्या पोराले मिलमधी लावतो म्हने. त्यायचं काई चुकलं नाई. माहंबी नाई चुकलं. तुमी मले रागवा, माह्या तोंडात मारा, पन मले एवढं सांगा, तुमाले नाई म्हनता आलं ते कायच्या जोरावर? माह्यापाशी नाई म्हनाले काय हाये?"

माणिकबाईच्या नाही म्हणण्याच्या मागे भगवंतचा मुडदा होता. हे काही कोणाला उसनं देता येण्यासारखं नव्हतं.

भिंतीकडून कुंदनचा आवाज आला. "वयनी, आता तारीख-बिरीख नको करू. थकलो मी."

ती उठली, स्वतःच्या खोलीत गेली आणि दिवा न लावता पडून राहिली. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. थोड्या वेळाने आरती ताट घेऊन आली आणि ठेवून गेली.

पुढच्या तारखेला माणिकबाई तरीही गेली. साहेबांनी कुंदनने लिहून दिलेला कागद तिला वाचून दाखवला. तिने विचारलं, "मग झालं?" ते म्हणाले, "झालं, बाई." ती आली तशी परतली.

जूनच्या अखेरीस शाळा उघडल्या. आरतीला महापालिकेच्या शाळेतच घातलं. तिने टायचं नाव काढलं नाही. रूपालीची पाळी सकाळची असे. दिवस उजाडायच्या आत ती डबा करून निघून जायची. पोरीला शाळेत सोडायचं काम माणिकबाईने घेतलं होतं. तिथून ती पुढे जठारपेठेत जायची.

पहिल्याच दिवशी ती आरतीचे केस विंचरायला म्हणून पलीकडे गेली, आणि दारातच थांबली.

कुंदन उठून बसला होता. आरती त्याच्यासमोर पाठ करून मांडी घालून बसली होती. त्याने डाव्या हाताने तिचे केस विंचरले होते, आता वेणी घालत होता. एक बट बोटांत धरायची, दुसरी तिच्यावरून न्यायची, तोवर तिसरी सुटायची. मग त्याने ती दातांत धरली. रिबीन गुडघ्याखाली दाबून ठेवली होती. कपाळावर घाम आला होता. आरती एरवी एक क्षण नीट बसायची नाही. आता मान ताठ ठेवून श्वासही हळूच घेत होती.

माणिकबाई आत गेली नाही. ती बाहेर दगडावर बसली आणि उगाच चपलेचा अंगठा पाहू लागली.

बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आले. वेणी एका बाजूला कलली होती, मधूनच केस निसटले होते, पण टोकाला रिबीन होती.

"झाली," कुंदन म्हणाला. वहिनीकडे न पाहता म्हणाला. "पाह्य, चांगली झाली का."

"झाली ना," माणिकबाई म्हणाली.

तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. दोघी निघाल्या. चार घरं ओलांडली नाहीत तोच आरतीच्या पाठीवर रिबीन सैल झाली आणि वेणी खालून उलगडायला लागली. माणिकबाईने हात पुढे केला. आरतीने तो झटकला. तिने हात मागे नेऊन वेणीचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि तशीच, दुसऱ्या हाताने दप्तर सांभाळत, मागे न पाहता चालत राहिली. माणिकबाईने वळून पाहिलं. कुंदन अजून दारातच होता.

गल्ली संपली, कोपरा वळला, घर दिसेनासं झालं. आरती थांबली. तिने मूठ सोडली.

"मोठ्याई," ती म्हणाली, "आता बांध."